घरगुती चित्रगृह

परभणी, सेलू किंवा मानवत यांसारख्या गांवांत आज संध्याकाळीं एखाद्या मध्यम स्थितींतील घरीं गेलें, तर बैठकीच्या भिंतीवर दोन-अडीच हात रुंदीचा टीव्ही टांगलेला दिसतो. चित्र इतकें स्वच्छ कीं नटाच्या कपाळावरचे घामाचे थेंब मोजून घ्यावेत. परंतु तोच नट बोलूं लागला म्हणजे घरांतील वडील मंडळी "काय म्हणाला?" असें एकमेकांस विचारूं लागतात, आणि कोणीतरी उठून आवाज वाढवितें. आवाज वाढतो, शब्द कांहीं उमगत नाहीं. मग "होम थिएटर घेतलें पाहिजे" असा विषय निघतो, बाजारांतील किंमती कानावर येतात, आणि विषय तेथेंच थांबतो.

घरांत चित्रगृह आणण्याची ही हौस नवी नाहीं, आणि ती थोडक्या पैशांत पुरी करण्याची खटपट तर मुळींच नवी नाहीं. महाराष्ट्रांत या खटपटीस सव्वाशें वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. तिचा इतिहास पाहतां एक गोष्ट पुनःपुन्हां दिसते. चित्र आणि नाद हीं दोन्ही घरांत एकदम क्वचितच आलीं. आणि जेव्हां दोन्ही आलीं, तेव्हां पैसा चित्राकडे गेला व नाद उपाशी राहिला.

या कथेंतील पहिलें नांव कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांचें. १८९२ सालीं त्यांनीं ‘शांबरिक खरोलिका’ या नांवाचा खेळ सिद्ध केला. शांबरी म्हणजे माया. शंबरासुराच्या नांवावरून आलेला हा शब्द. विलायती ‘मॅजिक लँटर्न’ला असें भारदस्त नांव देणाऱ्यांची रसिकता आजच्या जाहिरातदारांनीं शिकण्यासारखी आहे. खेळाचें साहित्य मात्र साधें होतें: कंदील, भिंग, पडदा आणि हातानें रंगविलेल्या कांचा. एकाहून अधिक कंदील लावून कांचा झरझर बदलल्या म्हणजे पडद्यावरील आकृति हलल्याचा भास होई. कांचा घरच्याच माणसांनीं रंगवावयाच्या, पुराणांतले प्रसंग घरच्याच माणसांनीं जुळवावयाचे, आणि खेळाच्या वेळीं पात्रांचीं भाषणेंहि घरच्याच माणसांनीं म्हणावयाचीं, अशी ती सारी मांडणी होती. ल्युमिएर बंधूंच्या हलत्या चित्रांचा खेळ मुंबईस वॉटसन हॉटेलांत ७ जुलै १८९६ रोजीं झाला. त्याच्या चार वर्षें आधींची ही गोष्ट. पटवर्धनांच्या पडद्यास नादाची वाण नव्हती, कारण नाद विकत आणावयाचा नव्हता. घरच्या माणसांचा कंठ फुकट होता.

दादासाहेब फाळके यांची गोष्ट निराळी. १९११ च्या सुमारास गिरगांवांत त्यांनीं ख्रिस्तचरित्राचा चित्रपट पाहिला आणि पडद्यावर राम-कृष्ण आणण्याचें वेड त्यांच्या डोक्यांत शिरलें, हें सर्वश्रुत आहे. त्यानंतरचे महिने त्यांनीं कसे काढले याकडे मात्र फारसें कोणी पाहत नाहीं. छापखान्याचा धंदा सुटला होता, पदरीं संसार होता. अशा स्थितींत त्यांनीं एक लहानसें यंत्र व फिल्मचीं कांहीं रिळें मिळविलीं, आणि मेणबत्तीचा उजेड बहिर्गोल भिंगांतून नेऊन रात्रीं घरच्या भिंतीवर चित्रें पाहण्यास आरंभ केला. मेणबत्ती, भिंग आणि भिंत! याहून स्वस्त चित्रगृह मिळणें कठीण.

पण मेणबत्तीचा उजेड तो केवढा? चित्राची रुंदी दुप्पट केली कीं त्याचें क्षेत्र चौपट होतें, आणि तेवढाच उजेड चौपट जागेवर पसरल्यामुळें कोठेंहि चौथाईच उरतो. म्हणजे चित्र लहान तरी ठेवावें, नाहींतर अंधुक तरी पाहावें. फाळके रोज चार-चार तास असें पाहत राहिले, झोप उडाली, आणि अखेर त्यांच्या दोन्ही डोळ्यांवर परिणाम होऊन दिसेनासें झालें. डॉ. प्रभाकर या नेत्रवैद्यांनीं तीन-चार चष्म्यांच्या साहाय्यानें त्यांची दृष्टि परत आणली. स्वस्त चित्रगृहाची खरी किंमत ती झाली. पुढें विम्याच्या पॉलिस्या गहाण पडल्या. १ फेब्रुवारी १९१२ रोजीं ते लंडनला निघाले आणि तेथें त्यांनीं पन्नास पौंडांचा विल्यमसन कॅमेरा घेण्याचें ठरविलें. फिल्मच्या कडांना भोंकें पाडणें, ती रसायनांत धुणें हीं कामें सरस्वतीबाई फाळके घरींच करीत. दादरचें तें बिऱ्हाड दिवसां संसाराचें आणि रात्रीं कारखान्याचें असे. ३ मे १९१३ रोजीं ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहांत लागला, आणि घरच्या भिंतीवर सुरू झालेला उद्योग जगापुढें आला. चित्र अर्थात् मुकें होतें.

मुंबईच्या घरांतील भिंतीवर असें चित्र हलत होतें, तर गोदावरीच्या खोऱ्यांत नेमकें उलट घडलें. परभणी जिल्हा तेव्हां निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होता. १९०० च्या सुमारास मनमाड-हैदराबाद लोहमार्ग झाला, कापसाचे गठ्ठे बाहेर जाऊं लागले, आणि बाहेरच्या नवलाईच्या वस्तू आंत येऊं लागल्या. १९३० नंतरच्या दशकांत हैदराबादला नभोवाणी सुरू झाली. पुढें औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपति संभाजीनगरास, दुसरें केंद्र निघालें. परभणीच्या एखाद्या वकिलाच्या वा व्यापाऱ्याच्या वाड्यांत जो नाद आला तो या मार्गानें. चित्राचा पत्ताच नव्हता.

हा नादहि सहज मिळत नसे. विजेचे दिवे मोजक्या घरीं. खेड्यांत तर तेहि नाहींत. म्हणून यंत्र बॅटरीवर चालवावें लागे, आणि बॅटरी उतरली कीं ती भरून आणण्यासाठीं जेथें वीज असेल त्या गांवीं पाठवावी लागे. दोन उंच बांबूंना तांब्याची तार ताणून बांधावयाची, दुसरी तार ओल्या जमिनींत पुरावयाची आणि उन्हाळ्यांत त्या जागीं रोज तांब्याभर पाणी ओतावयाचें, असा तो संसार होता. एवढ्या खटाटोपानंतर खरखरीतून जो आवाज येई तो ऐकण्यास शेजारपाजार जमे. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं निजामानें शरणागतीची घोषणा केली तीहि हैदराबादच्या नभोवाणीवरूनच. ज्या थोड्या घरांत त्या दिवशीं यंत्र चालू होतें, तेथें बांबूवरच्या तारेनें आणि भरून आणलेल्या बॅटरीनें आपलें मोल एका संध्याकाळीं चुकतें केलें. १ एप्रिल १९५० रोजीं हैदराबाद व औरंगाबाद हीं केंद्रें आकाशवाणीकडे आलीं. कालांतरानें परभणीसहि आकाशवाणीचें केंद्र झालें. १९६० नंतर ट्रँझिस्टर स्वस्त होऊं लागले तेव्हां बांबू, तार आणि जड बॅटरी हीं तिन्ही गेलीं, आणि नाद शेताच्या बांधावर पोंचला.

चित्र यावयास आणखी दोन तपें लागलीं. मुंबई दूरदर्शन केंद्राचा आरंभ २ ऑक्टोबर १९७२ रोजींचा. पण त्याचा उपयोग परभणीस काय? दूरदर्शनच्या लहरी दिव्याच्या प्रकाशासारख्या जवळजवळ सरळ रेषेंत जातात, पृथ्वीच्या गोलाईआड गेलेल्या गांवास त्या सांपडत नाहींत. इन्सॅट-१बी हा उपग्रह १९८३ सालीं अवकाशांत गेला आणि १९८४ सालीं देशभर लहान शक्तीचीं प्रक्षेपण केंद्रें झपाट्यानें उभीं राहिलीं, तेव्हां कोठें जिल्ह्याच्या गांवांचा प्रश्न सुटूं लागला. २५ जानेवारी १९८७ पासून ३१ जुलै १९८८ पर्यंत रविवारीं सकाळीं ‘रामायण’ लागे. विजेचा भरंवसा नाहीं अशा खेड्यांत बारा व्होल्टवर चालणारा काळा-पांढरा संच ट्रॅक्टरच्या बॅटरीला जोडीत. छपरावर एकजण अँटेना फिरवी, खालून दुसरा "आलं, आलं, गेलं!" असें ओरडे. त्या चौकोनी खोक्यांतील स्पीकर मूठभर असे, पण पडदाहि लहान असल्यामुळें त्याचें कोणास वाईट वाटलें नाहीं.

याच सुमारास खेड्यांतील तरुणांनीं एक शोध लावला. विद्वानांच्या दरबारीं त्याची दाद लागली नाहीं, तरी घरगुती चित्रगृहाच्या इतिहासांत त्यास मानाचें पान दिलें पाहिजे. टेप-रेकॉर्डरला किंवा गांवांतल्या मिस्त्रीनें जुळवून दिलेल्या अँप्लिफायरला सुटा स्पीकर जोडला, तर आवाज किरकिरा येई. तोच स्पीकर मातीच्या मडक्याच्या तोंडावर बसविला कीं ढोलकीची थाप एकदम भरदार ऐकूं येई. कुंभाराकडचें मडकें, मोटारीच्या जुन्या सामानांतला स्पीकर, आणि ४४४० क्रमांकाच्या चिमुकल्या आय. सी. भोंवतीं उभारलेला अँप्लिफायर, एवढ्या भांडवलावर कित्येक घरांत नाद आला. शहरी पाहुणे हंसत. हंसण्याचें कारण नव्हतें.

स्पीकरचा कागदी पडदा पुढें जातो तेव्हां समोरची हवा दाबली जाते, पण त्याच क्षणीं मागची हवा विरळ होते. स्पीकर उघडाच ठेवला तर खर्जाच्या लांब लाटा कडेनें वळून मागच्या लाटांस मिळतात आणि परस्परांचा नाश करतात. उरतो तो वरच्या पट्टीचा चिरका भाग. मागची लाट कोंडून ठेवणें हेंच स्पीकरच्या पेटीचें मुख्य काम. मडकें तें काम उत्तम करतें. त्याची भाजलेली भिंत गोल असल्यामुळें ताठ राहते, पातळ फळीच्या पेटीसारखी थरथरत नाहीं. आणि आंत समोरासमोर दोन सपाट बाजू नसल्यामुळें आवाज एकाच ठिकाणीं घुमत राहत नाहीं. मडक्याच्या आंत थोडा पिंजलेला कापूस भरला तर उरलेला घुमाराहि मरतो, आणि कापसाला परभणी जिल्ह्यांत काय तोटा? सेलू व मानवत या कापसाच्या जुन्या पेठा. नाटकगृहांत भांडीं वापरण्याची युक्ति तशी प्राचीनहि आहे. दोन हजार वर्षांपूर्वीं विट्रुव्हियस या रोमन स्थापत्यकारानें रंगमंडपांत कांशाचीं भांडीं ठेवण्याचें विधान लिहून ठेवलें, आणि युरोपांतील कांहीं मध्ययुगीन देवळांच्या भिंतींत मातीचीं मडकीं बसविलेलीं आजहि सांपडतात. हेतु निराळा होता, पण पोकळ भांड्याचें आणि नादाचें नातें त्यांनींहि ओळखलें होतें.

पेटीइतकेंच महत्त्व खोलीचें. भरतमुनींनीं नाट्यशास्त्रांत मनुष्यांसाठीं चौसष्ट हात लांब व बत्तीस हात रुंद असा नाट्यमंडप सांगितला, आणि याहून मोठा केल्यास पाठ्य अस्पष्ट होतें असें कारणहि दिलें. परभणीच्या नव्या घरांतील बैठकीची खोली बहुधा दहा फूट बाय बारा फूट. ती मोठी नाहीं, तरीहि पाठ्य अस्पष्ट होतें. कारण तिच्या सहाहि बाजू गुळगुळीत आणि कठीण. खालीं फरशी, वर सिमेंटचा स्लॅब, चोहोंकडे तेलकट रंगाच्या भिंती. आवाज सेकंदाला सुमारें साडेतीनशें मीटर धांवतो, म्हणजे बारा फुटांच्या दोन भिंतींमध्यें तो एका सेकंदांत नव्वदाहून अधिक वेळां आपटूं शकतो. एका शब्दाची शेंपटी दुसऱ्या शब्दाच्या डोक्यावर पडते, आणि आवाज वाढविला तर शेंपटीहि तेवढीच वाढते. "काय म्हणाला?" या प्रश्नाचें अर्धें उत्तर येथें आहे. उरलेलें अर्धें टीव्हीच्या पाठीमागें आहे: पडदा जसजसा पातळ होत गेला तसतशी स्पीकरला जागा उरली नाहीं, आणि पुष्कळ संचांत तो खालीं किंवा मागें तोंड करून भिंतीशींच बोलत असतो.

मराठवाड्यांतील जुना माळवदाचा वाडा या बाबतींत अधिक शहाणा होता. पांढऱ्या मातीच्या जाड भिंती, त्यांत कोनाडे, मधून लांकडी खांब, वर तुळया आणि किलचण, जमिनीवर शेणाचें सारवण व त्यावर जाजम. आवाजाला आपटावयास सलग गुळगुळीत जागाच मिळत नसे. तो कोनाड्यांत विखुरे, खांबांवर फुटे, जाजमांत मुरे. ते वाडे पडत चालले आहेत, आणि ते कोणी पुन्हां बांधील असेंहि नाहीं. सिमेंटच्या घरांत पावसाळ्यांत वर माती टाकावी लागत नाहीं हा त्याचा फायदा गृहिणींना पुरेसा पटलेला आहे. पण त्या वाड्यांतून एक वस्तु नव्या घरांत आणतां येते. ती म्हणजे कापसाची गादी. परदेशांत ध्वनिशोषक म्हणून जे तक्ते विकतात, त्यांचें काम तंतूंच्या जाळ्यांत हवेची हालचाल अडवून तिची ऊब करणें हेंच असतें. पिंजाऱ्याकडून भरून घेतलेली जाड गादी ऐकणाऱ्यांच्या मागच्या भिंतीला उभी केली, बाजूच्या भिंतींवर गोधड्या सोडल्या आणि फरशीवर सतरंजी टाकली, तर याच कामाचा मोठा भाग घरच्या सामानांत साधतो. खर्ज तेवढ्यानें आंवरत नाहीं, परंतु शब्द स्वच्छ होतो.

आतां त्या प्रसिद्ध पांच स्पीकरांचा आणि सहाव्या खोक्याचा विचार. एका स्पीकरनें भागत असतां पांच कोणी मागितले? याचें मूळ ॲलन ब्लमलाइन या इंग्रज अभियंत्याकडे जातें. पत्नीसह बोलपट पाहत असतां नट पडद्याच्या एका कडेहून दुसऱ्या कडेस गेला तरी त्याचा आवाज जागचा हलेना, हें त्याला खटकलें, असें सांगतात. आवाज नटामागें चालविण्याची त्याची योजना डिसेंबर १९३१ मध्यें पेटंटसाठीं दाखल झाली. त्याच वर्षीं, १४ मार्च रोजीं, मुंबईस ‘आलम आरा’ हा हिंदुस्थानचा पहिला बोलपट लागला होता. इकडे चित्र नुकतें बोलूं लागलें, आणि तिकडे त्या बोलण्याला डावें-उजवें हवें झालें! पुढें चित्रगृहांत मधला स्पीकर आला, मागचे आले, खर्जाचा निराळा आला. आणि १९९६ नंतर डीव्हीडीच्या तबकडीबरोबर हा सारा परिवार घरांत शिरला.

बाजारांत हा परिवार एकाच खोक्यांत, एकाच किंमतीस मिळतो, आणि येथेंच मध्यम स्थितींतील गिऱ्हाईक फसतें. ठराविक पैशांत पांच स्पीकर, एक खर्जाचें खोकें आणि अँप्लिफायर बसवावयाचे म्हणजे प्रत्येकाच्या वांट्याला चिमूटभर पैसा येतो. मग खोक्यावर हजारों वॅट छापले जातात आणि शेजारीं बारीक अक्षरांत पी. एम. पी. ओ. असें लिहिलें जातें. क्षणाच्याहि लहानशा अंशापुरती, कागदावरच्या हिशेबानें काढलेली ही शक्ति. यंत्र सतत देऊं शकतें त्या शक्तीशीं, म्हणजे आर. एम. एस. वॅटांशीं, तिचा संबंध जाहिरातदाराच्या मर्जीवर असतो. बैठकीच्या खोलीस चांगल्या स्पीकरबरोबर खरे वीस-पंचवीस वॅट पुरून उरतात.

पटवर्धन-फाळक्यांनीं जें केलें, म्हणजे एकेक वस्तु मिळवीत जाणें, तेंच आजहि किफायतशीर आहे. आरंभीं वापरलेला पण धड असा दोन बाजूंचा अँप्लिफायर आणि दोन बऱ्यापैकीं स्पीकर घ्यावे. ते खोलीच्या कोपऱ्यांत कोंबूं नयेत. कोपऱ्यांत खर्ज फुगतो आणि शब्दांवर बसतो. दोन स्पीकरांत जेवढें अंतर, तेवढेंच त्यांचें व ऐकणाऱ्याचें अंतर असावें, आणि त्यांची उंची कानाशीं यावी. गादीवर बैठक असेल तर ही उंची जमिनीपासून दोन-अडीच फूटच येते. दुकानदाराचा उंच स्टँड त्या घरीं निरुपयोगी. हातांत पुन्हां पैसे आले म्हणजे मागचे दोन घेण्याची घाई न करतां पडद्याखालचा मधला स्पीकर आणि त्याला चालविणारा पांच वाटांचा अँप्लिफायर घ्यावा, जुना वापरलेला असला तरी चालेल. चित्रपटांतील संवाद बहुतांशीं याच वाटेनें येतात, आणि आपल्या घरांत सारेजण मधोमध बसत नाहींत. आजोबा पलंगावर, मुलें उंबऱ्याशीं, सूनबाई स्वयंपाकघराच्या दारांत. कडेला बसणाऱ्याला जवळचा एकच स्पीकर ऐकूं येतो, आणि बोलणें पडद्यावरून सुटून भिंतीवर जातें. मधला स्पीकर तें जागीं धरून ठेवतो. मागचे दोन पाऊस, गर्दी, पांखरें ऐकविण्यापुरते. ते दिवाळीवर टाकले तरी चित्रपटाचें कांहीं बिघडत नाहीं.

चित्राचा खर्च तर पूर्वीपेक्षां उतरला आहे. डिसेंबर २००४ मध्यें दूरदर्शननें उपग्रहावरून बिनवर्गणीची सेवा सुरू केली. लहानशी तबकडी आणि एक खोकें एकदां विकत घेतलें कीं दरमहा कांहीं द्यावें लागत नाहीं. पृथ्वीच्या गोलाईची जी अडचण १९७२ सालीं परभणीला आडवी आली होती, ती या तबकडीनें पुरती मिटविली. जुने बोलपट पाहण्याची आवड ज्या घरीं आहे, तेथें तर हिशेब आणखी सोपा होतो. १९३२ चा ‘अयोध्येचा राजा’ किंवा १९३६ चा ‘संत तुकाराम’ हे प्रभातचे बोलपट एकाच ध्वनिपट्टीवर मुद्रित झालेले आहेत. त्यांत डावें-उजवें मुळांतच नाहीं. ते लागले असतां पडद्याखालचा एक स्पीकर चालू ठेवावा, बाकीचे बंद करावे, आणि मागच्या भिंतीची गादी तेवढी काढूं नये.